गर्भवतींची कैवारी : डॉ. लूसी विल्स

घरात व्यंग घेऊन मूल जन्माला आले की पहिले बोट वळते ते त्याच्या आईकडे. हिने ग्रहण पाळले नसेल, विळी हातात धरली असेल, हिच्या माहेरच्या कुळातच काही खोट असेल, अशी कुजबुज पाचवी पुजायच्या आतच सुरू होते. त्या माउलीला बाळाचे दुःख असतेच. त्यावर या दोषाचे ओझे. भगिनींनो, जन्मजात व्यंगांची कारणे अनेक आहेत, आणि कित्येकांची तर अजूनही उमगलेली नाहीत. परंतु पाठीच्या कण्याच्या आणि मेंदूच्या एका भयंकर व्यंगाचे एक मोठे कारण आज आपल्याला ठाऊक आहे, व ते टाळण्याचा उपायही ठाऊक आहे. या ज्ञानाचा पाया एका इंग्रज डॉक्टरीणबाईंनी घातला, आणि तोही आपल्या मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत. त्यांचे नाव डॉ. लूसी विल्स. मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त त्यांच्या चरित्राची ओळख करून घेणे सर्वस्वी उचित होईल.

लूसीबाईंचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घराणे सुखवस्तू होते. कोयते-विळ्यांसारखी धारेची अवजारे बनविण्याचा त्यांचा पिढीजात कारखाना होता. वडील विज्ञानाचे पदवीधर, तर आई एका डॉक्टरांची कन्या. निसर्गाचे निरीक्षण आणि विज्ञानाची गोडी या गोष्टी घरातच होत्या. १९०३ साली त्यांना चेल्टनहॅमच्या मुलींच्या शाळेत घातले. मुलींना शास्त्र व गणित कसून शिकविणाऱ्या इंग्लंडमधील पहिल्या काही शाळांत तिची गणना होत असे.

तेथून १९०७ साली त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या. वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय. १९११ साली अभ्यासक्रम पुरा झाला, परीक्षाही उत्तीर्ण झाल्या; पण पदवी मात्र मिळाली नाही. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना परीक्षेला बसू देई, परंतु पुरुषांबरोबरीची पदवी देत नसे. हा अन्याय १९४८ साली दूर झाला, तेव्हा लूसीबाई साठीला पोहोचल्या होत्या.

याच सुमारास घरावर दुःखाचे घाव पडले. १९११ साली वडील वारले, आणि १९१३ साली बहीण एडिथ अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेली. त्यानंतर लूसीबाई आईसमवेत सिलोनचा प्रवास करून आल्या, आणि १९१४ साली दक्षिण आफ्रिकेत असताना पहिले महायुद्ध सुरू झाले. केपटाऊन येथे त्यांनी काही काळ स्वयंसेवक परिचारिकेचे काम केले. रुग्णांच्या सहवासात मनाने घेतले की आपण डॉक्टर व्हावे. इंग्लंडला परत येऊन जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले.

या विद्यालयाचे नाव आपल्याला परके वाटू नये. आपल्या डॉ. रखमाबाई येथेच शिकल्या होत्या. पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड यांनीही याच विद्यालयात शिक्षण घेऊन १९१९ साली प्रसूतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी मिळविली. हिंदुस्थानातील स्त्रियांच्या आरोग्याचा विषय अशा रीतीने त्या वास्तूत नित्य वावरत होता. लूसीबाई १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटून नाव मिळविण्याकडे त्यांचा ओढा नव्हता. रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गर्भवती स्त्रियांच्या शरीरात होणाऱ्या बदलांचा अभ्यास त्यांनी हाती घेतला, आणि पुढे आयुष्यभर तोच विषय धरून ठेवला.

१९२८ साली त्यांना हिंदुस्थानातून बोलावणे आले. बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या येथे फार मोठी होती, व तिची कारणे शोधण्यासाठी डॉ. मार्गारेट बॅल्फोर यांच्या पुढाकाराने चौकशी सुरू झाली होती. मुंबईत, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांत, गर्भारपणी एक विलक्षण पांडुरोग आढळत असे. बाई पांढरीफटक पडे, पाय सुजत, अन्नावरची वासना उडे, आणि कित्येकदा बाळंतपणाच्या आगेमागेच तिचा अंत होई. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर रक्तातील तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. नुसत्या लोहाने हा रोग हटत नसे. हे कोडे सोडविण्यासाठी लूसीबाई परळला हाफकिन संस्थेत दाखल झाल्या.

येथे त्यांच्या कार्यपद्धतीचे विशेष कौतुक वाटते. रोग रक्तात होता, म्हणून रक्त तपासून त्या थांबल्या नाहीत. या बायका राहतात कशा, खातात काय, कोणाच्या पानात काय पडते, हे त्यांनी पाहिले. मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी करून त्यांनी १९३० साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यावर त्यांच्या नावासोबत एस. एन. तळपदे हे आपल्याकडचे नाव आहे. निरनिराळ्या समाजांतील आणि थरांतील स्त्रियांचे खाणे ताडून पाहता एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्यांच्या जेवणात ताज्या भाज्या, फळे आणि दूध यांची सर्वांत वाण होती, त्यांच्यातच हा रोग अधिक होता. गरीब मुसलमान स्त्रियांची स्थिती या बाबतीत सर्वांत वाईट आढळली. हा शाप नव्हता आणि कुळाचा दोषही नव्हता. उणीव पानात होती.

परंतु नेमके काय उणे होते? घातक पांडुरोगावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय अमेरिकेत १९२६ साली निघाला होता. लूसीबाईंना असे आढळले की साधा, अर्धवट शुद्ध केलेला यकृताचा अर्क दिला तर त्यांच्या रुग्ण स्त्रियांना गुण येई; पण अधिक शुद्ध केलेला अर्क, जो दुसऱ्या प्रकारच्या पांडुरोगावर रामबाण होता, तो येथे चालत नसे. म्हणजे शुद्ध करताना जे बाजूला टाकले जात होते, त्यातच या स्त्रियांचे औषध होते. अ आणि क जीवनसत्त्वेही देऊन पाहिली, उपयोग झाला नाही. १९२९ साली त्यांनी आपले काम काही महिने निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत नेले. तेथे आहारशास्त्रज्ञ मॅकॅरिसन यांचे संशोधन चालू होते. मुंबईच्या गरीब स्त्रिया जे खात, तसलेच अन्न उंदरांना घालून प्रयोग केले, तेव्हा उंदरांनाही पांडुरोग झाला; आणि त्या अन्नात यीस्ट मिसळताच तो टळला.

यीस्ट म्हणजे पाव फुगविणारे किण्व. त्याचा स्वस्त अर्क इंग्लंडच्या बाजारात मारमाइट या नावाने मिळत असे. बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून तो करतात. काळसर, चिकट व चांगलाच खारट असा हा पदार्थ इंग्रज लोक पावाला लावून खातात. लूसीबाईंनी तो रुग्ण स्त्रियांना दिला. परिणाम पाहण्यासाठी फार काळ थांबावे लागले नाही. मरगळून पडलेल्या बाईला भूक लागू लागे, आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास रक्तातील तांबड्या पेशी वाढताना दिसत. १९३१ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. यकृताचा अर्क महाग, यीस्टचा अर्क स्वस्त. त्यामुळे गरिबालाही परवडेल असे औषध हाती आले. यीस्टमधील त्या अज्ञात द्रव्याला पुढे शास्त्रज्ञ विल्स घटक म्हणू लागले.

१९३३ पर्यंत त्यांचे हिंदुस्थानात जाणेयेणे चालू होते. मधल्या काळात मद्रासच्या गोषा रुग्णालयातही त्यांनी काम केले. पुढे १९३७ साली त्या पुन्हा हाफकिन संस्थेत काही आठवडे काम करण्यास आल्या. त्या खेपेस त्यांनी पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून इंग्लंडहून कराचीपर्यंत पाच दिवसांचा प्रवास केला. एरवी त्यांना थाटमाटाची आवड नव्हती. लंडनमध्ये रुग्णालयात जाताना त्या मोटारीऐवजी सायकल वापरीत. बर्फावरून लांब पल्ल्याचे स्कीइंग करण्याचा त्यांना नाद होता. स्वभाव विनोदी, बोलणे सडेतोड. लग्न त्यांनी केले नाही.

दुसऱ्या महायुद्धात रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा भार त्यांच्यावर होता. जुलै १९४४ मध्ये रुग्णालयावर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला, माणसे दगावली, तरी काम चालूच राहिले. त्या रुग्णालयातील रक्तरोगांचा पहिला विभाग त्यांनीच उभा केला. १९४७ साली निवृत्त झाल्यावरही त्या घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा देशांत हिंडून त्यांनी आहार आणि पांडुरोग यांचा अभ्यास चालू ठेवला. अखेरच्या दशकात चेल्सी येथे मजूर पक्षातर्फे नगरसेविका म्हणूनही काम केले. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

विल्स घटकाचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होणार नाही. १९४१ साली अमेरिकेत टेक्सास येथील शास्त्रज्ञांनी पालकाच्या ढीगभर पानांतून एक जीवनसत्त्व वेगळे केले, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक ॲसिड असे नाव दिले. १९४५ साली ते कृत्रिम रीतीने तयार करण्यात यश आले. हे काम अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत झाले, आणि तेथील संशोधनाची सूत्रे आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती. परळला सुरू झालेल्या शोधाची गोळी अशी एका भारतीयाच्या देखरेखीखाली तयार झाली.

हे जीवनसत्त्व करते तरी काय? शरीरातील प्रत्येक पेशीला एकीच्या दोन होताना त्याची गरज लागते. ते कमी पडले की पेशी फुगते, पण वेळेवर दुभंगत नाही. म्हणूनच त्या गिरणीकामगार बायांच्या रक्तातील पेशी मोठ्या आणि थोड्या दिसत. आता विचार करा, पेशींची सर्वांत जास्त घाई कोठे असते? गर्भात. गर्भ राहिल्यावर अवघ्या चार आठवड्यांच्या आत बाळाच्या पाठीवर एक पन्हळ तयार होते, तिच्या दोन्ही कडा वर येऊन मिटतात व नळी बनते. या नळीचाच पुढे मेंदू व मज्जारज्जू होतो. ती वरच्या टोकाला मिटली नाही तर मेंदू व कवटी धड बनत नाही, आणि असे मूल जगत नाही. खालच्या बाजूला उघडी राहिली तर मूल पाठीवर फुगवटा घेऊन जन्माला येते. पायांतील शक्ती आणि लघवी-शौचावरील ताबा पुष्कळदा जन्मभर अधू राहतो.

लूसीबाईंच्या निधनाला एक वर्ष झाले, आणि १९६५ साली हिबर्ड व स्मिथेल्स या इंग्रज डॉक्टरांनी अशा बाळांच्या मातांत फॉलिक ॲसिडची उणीव असावी, असे दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. पुष्कळांना ते पटेना. अखेर सात देशांतील १८१७ स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. या सर्वांना आधी असे व्यंग असलेले अपत्य झाले होते. त्यांच्यापैकी काहींना गर्भ राहण्यापूर्वीपासून फॉलिक ॲसिड दिले, काहींना दिले नाही. ज्यांना दिले त्यांच्यात हे व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. फायदा इतका उघड होता की प्रयोग मुदतीआधीच थांबवून १९९१ साली निष्कर्ष जाहीर करण्यात आले. अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या पिठात हे जीवनसत्त्व मिसळणे सक्तीचे केले. खुद्द लूसीबाईंच्या देशाने तसा निर्णय घ्यायला २०२१ साल उजाडले.

यातून आपण काय घ्यावयाचे? पहिली गोष्ट वेळेची. ती नळी मिटते तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेल्याची कल्पनाही नसते. आपण सुनेचे कोडकौतुक करतो ते सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाला. कौतुक अवश्य करावे, पण या व्यंगापुरते पाहिले तर तोपर्यंत सहा महिने उशीर झालेला असतो. खरी वेळ केळवणाची. लग्न ठरले, मूल हवे असा विचार झाला, की तेव्हापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी आणि पहिले तीन महिने पुरे होईतो सोडू नये. आधीचे मूल असे व्यंग घेऊन झाले असेल तर याहून बराच मोठा डोस लागतो; तो डॉक्टरांना विचारून, गर्भ राहण्यापूर्वीच घ्यावयाचा असतो. शासनाच्या कार्यक्रमातून शाळकरी मुलींना आठवड्याला लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी मिळते, ती त्यांना घेऊ द्यावी. पोटात दुखते म्हणून फेकून देऊ नये, जेवणानंतर द्यावी.

दुसरी गोष्ट पानाची. मेथी, पालक, चवळीची पाने, मूग, मटकी, हरभरा, शेंगदाणे यांत हे जीवनसत्त्व भरपूर असते. भाजी आधी धुवावी व मग चिरावी, फार वेळ रटरटू नये आणि शिजविलेले पाणी ओतून देऊ नये. कारण ते पाण्यात उतरते आणि फार उष्णतेने नासते. मात्र नुसत्या भाजीवर विसंबून गोळी टाळू नये. शुद्ध शाकाहारी घरांत ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीव वारंवार असते, आणि तिनेही हाच धोका वाढतो. दूध-दह्याचा वाटा सुनेच्या पानात पडतो का, हे सासूबाईंनीच पाहावे. आणि जरूर तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे.

तिसरी गोष्ट इतर धोक्यांची. ताब्यात नसलेला मधुमेह, अतिशय स्थूलता, फेफऱ्यावरील काही औषधे, विशेषतः व्हॅलप्रोएट, यांनी बाळाला व्यंग होण्याचा संभव वाढतो. अशी औषधे मनाने बंद करणे तितकेच घातक. मूल हवे असे वाटताच डॉक्टरांना सांगून ती बदलून घ्यावी. पहिल्या महिन्यांत आईला रुबेला म्हणजे जर्मन गोवर झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांना इजा होते. त्याची लस लग्नापूर्वीच घ्यावयाची असते, गर्भारपणात नव्हे. दारू आणि मिश्री-तंबाखू तर नकोच. जवळच्या नात्यातील विवाहानेही काही व्यंगांचा संभव वाढतो, हे मामे-आते भावंडांची लग्ने जुळविताना ध्यानात असावे. ग्रहणात चिरलेल्या भाजीचा मात्र बाळाच्या ओठाशी किंवा पाठीशी काडीमात्र संबंध नाही.

आणि हे सारे पाळूनही एखाद्या घरी व्यंग असलेले बाळ येईल. सर्वच व्यंगे टळण्यासारखी नसतात, आणि जी टळण्यासारखी होती तीही त्या एकट्या बाईच्या हाती नव्हती. तिच्या पानात काय वाढले गेले, तिला वेळेवर कोणी सांगितले का, गोळी कोणी आणून दिली का, हे प्रश्न साऱ्या घराचे आहेत. लूसीबाईंनी परळला असाच प्रश्न विचारला होता. आजारी बाईला दोष न देता त्यांनी तिच्या पानाकडे पाहिले, म्हणून त्यांना उत्तर सापडले.

आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला नव्या सुना आणि लग्नाला आलेल्या मुली येतात. वाणाबरोबर एवढी माहिती त्यांच्या कानांवर घालणे आपल्याला अवघड नाही. ज्या थोर स्त्रीने आपल्या मुंबईतील गरीब गर्भवतींसाठी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, तिचे हेच खरे स्मरण ठरेल.